सिक्युरिटी ओनियन २.४ : जिल्ह्याच्या ठिकाणी ब्लू टीम उभी करायची तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत सायबर सिक्युरिटीचा पेपर आहे, प्रॅक्टिकल आहे, काली लिनक्सची (हल्ल्याची साधनं भरलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची) सीडी तर प्रत्येक लॅबमध्ये सापडते. पण बहुतेक प्रॅक्टिकलं हल्ल्याचीच असतात. एनमॅप चालवलं, पासवर्ड फोडला, स्क्रीनशॉट जर्नलला चिकटवला, सही झाली. समोरून हल्ला चालू असताना आपली यंत्रणा चालू ठेवायची, हल्ला ओळखायचा, त्याची नोंद करायची आणि वर कळवायचं, हा ब्लू टीमचा, म्हणजे बचाव करणाऱ्या पथकाचा, भाग कुणी शिकवत नाही, कारण त्यासाठी साधन महाग असतं असा समज आहे. सिक्युरिटी ओनियन हे ते साधन आहे, फुकट आहे, आणि नीट मांडलं तर एका सर्व्हरवर आख्खा बचावाचा सराव घेता येतो. तो कसा घ्यायचा आणि कुठे अडतं, ते या परीक्षणात आहे.

आधी सरावाचा नमुना. एस्टोनियाच्या टॅलिन शहरात नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र आहे. २००७ साली एस्टोनियाच्या सरकारी संकेतस्थळांवर आणि बँकांवर मोठे हल्ले झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, हे केंद्र उभं राहिलं. २०१० पासून ते ‘लॉक्ड शील्ड्स’ नावाचा बहुराष्ट्रीय सराव घेतं. २०२० चा अपवाद सोडला तर तो दरवर्षी होतो. बेरिलिया नावाच्या काल्पनिक देशावर हल्ला होतो आणि प्रत्येक ब्लू टीम त्या देशाच्या मदतीला गेलेलं तातडीचं पथक असते. हातात येतं ते मुद्दाम भोकं ठेवलेलं नेटवर्क : वीजपुरवठा, पाणी, बँकिंग, लष्करी यंत्रणा. २०२१ च्या सरावात सुमारे ५,००० आभासी यंत्रणा होत्या आणि त्यांच्यावर ४,००० हून जास्त हल्ले झाले. रेड टीम हल्ला करते, व्हाइट टीम गुण देते, ग्रीन टीम सरावाचीच मूळ यंत्रणा सांभाळते. ब्लू टीमला उलटा हल्ला करायचा नसतो. गुण मिळतात सेवा चालू ठेवल्याबद्दल, हल्ला ओळखल्याबद्दल, अहवालाबद्दल, न्यायवैद्यक तपासाबद्दल, कायदेशीर सल्ल्याबद्दल आणि पत्रकारांना दिलेल्या उत्तरांबद्दलसुद्धा. २०२४ मध्ये लात्विया आणि नाटोची संयुक्त टीम जिंकली, २०२५ मध्ये जर्मनी आणि सिंगापूरची. आपल्याकडे डिफेन्स सायबर एजन्सीने मे २०२४ मध्ये ‘सायबर सुरक्षा’ हा सराव घेतला आणि ‘भारत एनसीएक्स’ हा राष्ट्रीय सरावही होतो.

या सगळ्यातला जो भाग भुसावळच्या किंवा शिरपूरच्या लॅबमध्ये उतरवता येतो, तो म्हणजे ब्लू टीमची खोली. तिच्यात बसून जे दिसायला हवं ते सिक्युरिटी ओनियन दाखवतं.

हे २००८ साली डग बर्क्स यांनी सुरू केलेलं काम आहे. २.४ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) ओरॅकल लिनक्स ९ वर उभी आहे. आत सुरिकाटा आहे, तो नियमांवरून अलर्ट काढतो. झीक प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो : कोण कुणाशी बोललं, कोणतं नाव विचारलं, कोणती फाइल उतरली. स्ट्रेल्का त्या फाइली तपासतो. इलॅस्टिक एजंट विंडोज आणि लिनक्स मशीनवरचे लॉग आणतो. हे सगळं एका वेबपानावर एकत्र येतं आणि तिथून अलर्टवरून थेट त्या पॅकेटपर्यंत (नेटवर्कवरून गेलेल्या माहितीच्या तुकड्यापर्यंत) जाता येतं. एकेक भाग वेगळा बसवायला गेलं तर महिना जातो. इथे तो जुळवून मिळतो, आणि याची खरी किंमत त्यातच आहे.

फुकट असलं तरी मशीनला खर्च येतो. सरावासाठी किमान मांडणी अशी ठेवा : ८ कोअर, ६४ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, वर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली). त्यात सिक्युरिटी ओनियनला ४ कोअर, २४ जीबी आणि ३०० जीबी डिस्क. विंडोज सर्व्हरला ४ जीबी, दोन विंडोज मशीनना मिळून ८, उबुंटूवरच्या वेब सर्व्हरला २, ओपनपीएलसीला (पंपासारखी यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी या छोट्या संगणकाचं मुक्त सॉफ्टवेअर) १, फायरवॉलला २ आणि रेड टीमच्या कालीला ४. एकूण ४५ जीबी होतात, उरलेली रॅम प्रॉक्समॉक्सला आणि ऐनवेळच्या गरजेला. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवस. एका सत्राला पुरतात. सिक्युरिटी ओनियन १६ जीबीवरही उठतं, पण इलॅस्टिकसर्च (नोंदी साठवून त्यांत शोधणारा भाग) धापा टाकतं, डॅशबोर्ड उघडायला वेळ लागतो आणि मुलांना वाटतं साधनच मंद आहे. २०० जीबीपेक्षा कमी डिस्क देऊ नका. हार्ड डिस्कवर तर बसवूच नका.

जुन्या मशीनबद्दल एक सावधगिरी. ओरॅकल लिनक्स ९ ला प्रोसेसरमध्ये नव्या पिढीच्या सूचना लागतात. कोअर टू ड्युओच्या काळातले डेस्कटॉप चालणार नाहीत. प्रोसेसर चांगला असूनही प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘केव्हीएम६४’ ठेवला तर बूट होतानाच अडतं. तो ‘होस्ट’ करा. एआरएमवर हे चालत नाही, म्हणजे नव्या मॅकबुकवर प्रयत्न करून वेळ घालवू नका.

इन्स्टॉलेशन सरळ आहे. आयएसओ दहा जीबीहून मोठी आहे, म्हणून ती तालुक्याच्या ठिकाणच्या इंटरनेटवरून रात्री उतरवायला लावा आणि सकाळी हॅश (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारी खूण) तपासा. अर्धवट उतरलेल्या आयएसओने बसवताना मध्येच एखादं कंटेनर (साधनाचा स्वतंत्र चालणारा भाग) गायब निघतं आणि चूक भलतीकडेच शोधली जाते. व्हीएमला दोन नेटवर्क कार्ड द्या. पहिलं मॅनेजमेंटचं, त्याला स्थिर आयपी. दुसरं ऐकण्याचं, त्याला आयपी नाहीच. सेटअपमध्ये ‘स्टँडअलोन’ (सगळे भाग एकाच मशीनवर) निवडा. ‘इव्हॅल’ नुसतं बघण्यापुरतं ठीक आहे. मग होस्टनेम, आयपी, ऐकण्याचं कार्ड, वेबसाठी ईमेल आणि पासवर्ड, आणि कोणत्या आयपीवरून वेबपान उघडू द्यायचं, इतके प्रश्न. मध्ये डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आयपी पट्ट्याबद्दल विचारतं. मूळ पट्टा १७२.१७.१.० चा आहे. कॉलेजचं नेटवर्क १७२.१७ वर असेल तर तिथेच बदला, नाहीतर नंतर वेबपान काही मशीनवरून उघडतं, काहींवरून नाही. सेटअप संपायला तासभर धरा. संपल्यावर ‘सो-स्टेटस’ ही आज्ञा द्या. सगळी कंटेनरं चालू दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. होस्टनेम आणि आयपी पहिल्यांदाच ठरवून टाका, कारण एजंटच्या इन्स्टॉलरमध्ये तोच पत्ता जातो. नंतर बदलला तर सगळे एजंट तुटतात.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. सगळं हिरवं दिसतं, पण अलर्ट एकही नाही. कारण दहापैकी नऊ वेळा हेच, की ऐकण्याच्या कार्डापर्यंत ट्रॅफिक पोचतच नाही. स्विच आणि ब्रिज पॅकेट फक्त ज्याचं त्याला देतात, तिसऱ्याला ऐकू देत नाहीत. प्रॉक्समॉक्सच्या लिनक्स ब्रिजवर ‘एजिंग’ शून्य केलं की ब्रिज पत्ते लक्षात ठेवत नाही आणि सगळीकडे पॅकेट पाठवतो. सरावाच्या ब्रिजसाठी हे पुरतं. ओपन व्हीस्विचचं मिररिंग (पॅकेटची नक्कल ऐकण्याच्या कार्डाला पाठवणं) जास्त नीटनेटकं आहे, पण व्हीएम बंद-चालू केलं की आभासी पोर्ट नवा बनतो आणि मिरर निघून जातो. ते परत लावणारी स्क्रिप्ट ठेवावी लागते. त्या कार्डावरचा प्रॉक्समॉक्स फायरवॉलचा टिकमार्कही काढा. व्हर्च्युअलबॉक्सवर असाल तर प्रॉमिस्क्युअस मोड ‘अलाऊ ऑल’. खऱ्या मशीनवर असाल तर पोर्ट मिररिंग असलेला मॅनेज्ड स्विच लागतो, पाच पोर्टचा छोटाही पुरतो. तपासायला सोपं आहे : सिक्युरिटी ओनियनमध्ये ऐकण्याचं कार्ड ‘बाँड०’ म्हणून दिसतं, त्यावर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारी आज्ञा) लावा आणि दोन विंडोज मशीनमध्ये आपसात पिंग करा. दोघांचे आयपी दिसले तर काम झालं. फक्त ब्रॉडकास्ट दिसत असेल तर मिररिंग झालेलं नाही. मग ‘सो-टेस्ट’ ही आज्ञा नमुना पॅकेट फिरवते आणि अलर्ट पडतात. पण लक्षात ठेवा, सो-टेस्टचे अलर्ट दिसले म्हणजे तुमचं मिररिंग बरोबर आहे असं नव्हे. ती पॅकेट मशीनच्या आतच फिरतात.

एजंट जोडताना दुसरी अडचण. इन्स्टॉलर वेबपानाच्या ‘डाउनलोड्स’मधून मिळतो, विंडोजवर बसतोही, पण जोडला जात नाही. सिक्युरिटी ओनियनचा स्वतःचा फायरवॉल ८२२० आणि ५०५५ हे पोर्ट तुम्ही सांगितलेल्या आयपींनाच उघडतो. वेबपानात ‘ॲडमिनिस्ट्रेशन’, मग ‘कॉन्फिगरेशन’, मग फायरवॉल, तिथे इलॅस्टिक एजंटच्या गटात तुमच्या सरावाचा पट्टा घाला. बदल लगेच लागत नाही. ‘सिंक्रोनाइझ’ दाबा किंवा १५ मिनिटं थांबा.

सगळं बसल्यावर पहिल्या दिवशी अलर्टचा पूर येतो आणि त्यातले बहुतेक विंडोज अपडेटचे, माहितीवजा असतात. ‘डिटेक्शन्स’च्या पानावर नियम दाबता येतो, मर्यादा घालता येते. हे काम शिक्षकाने आधी करून ठेवू नये. कोणता आवाज दाबायचा आणि का, हे ठरवणं ही ब्लू टीमची पहिली परीक्षा आहे, आणि दाबताना कारण लिहायला लावलं तर दुसऱ्या दिवशी ‘हा अलर्ट का बंद होता’ या प्रश्नाला उत्तर असतं.

या साधनाचा खान्देशाला सगळ्यात जास्त उपयोगी भाग म्हणजे औद्योगिक प्रोटोकॉल, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची आपसात बोलण्याची भाषा. दीपनगरचं औष्णिक केंद्र, साक्रीकडचे सौर प्रकल्प, वाघूर आणि गिरणेवरच्या पाणीयोजना, साखर कारखाने, सूतगिरण्या : आपल्याकडे पीएलसी आणि पंप खूप, आणि त्यांच्या नेटवर्ककडे बघणारी माणसं कमी. झीकच्या आत मॉडबस, डीएनपी३, एस७कॉम, प्रोफिनेट, बॅकनेट यांचे विश्लेषक बसवलेले येतात. मॉडबसमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही. पोर्ट ५०२ वर पोचलेला कुणीही पंप बंद करू शकतो. म्हणून सरावात ओपनपीएलसीवर एक पाण्याची टाकी मांडा : वरची पातळी, खालची पातळी, एक पंप. ऑपरेटरचा पडदा दर सेकंदाला रजिस्टर वाचतो, म्हणजे फंक्शन ३. झीकच्या मॉडबस नोंदीत तासभर तेच तेच वाचन दिसतं. मग रेड टीम दुसऱ्याच आयपीवरून फंक्शन ५ किंवा ६ पाठवते, म्हणजे कॉइल (चालू-बंदची खूण) किंवा रजिस्टर (आकड्याची जागा) लिहिते, आणि खालची पातळी आली तरी पंप सुरू होत नाही. सुरिकाटाचे नेहमीचे नियम यावर गप्प बसण्याची शक्यता जास्त, कारण हा व्हायरस नाही, वैध आज्ञा आहे. ती सापडते ‘हंट’ या शोधाच्या पानावर : मॉडबसच्या नोंदी काढा, फंक्शननुसार गट करा, ‘राइट’ असलेल्या ओळी बघा, त्यांचा स्रोत आयपी बघा. ऑपरेटरच्या मशीनशिवाय दुसरा आयपी लिहितोय, एवढी एक ओळ पुरते. मग मुलांनी स्वतः नियम लिहायचा : पोर्ट ५०२, लिहिण्याचं फंक्शन, स्रोत ऑपरेटर नाही, तर अलर्ट. या एका प्रॅक्टिकलमध्ये जे शिकणं होतं ते दहा स्लाइडशोंत होत नाही.

रेड टीमला मोकाट सोडू नका. सहा-सात टप्पे आधी लिहून घ्या : स्कॅन, पासवर्डचा मारा, पॉवरशेल, एलएसएएसएसमधून (विंडोजचं लॉगिन सांभाळणाऱ्या भागातून) पासवर्ड काढणं, दुसऱ्या मशीनवर उडी, फाइल बाहेर नेणं, शेवटी मॉडबसची आज्ञा. विंडोजवरचे टप्पे ॲटॉमिक रेड टीम या मुक्त संचातून घेता येतात. प्रत्येकाला मायटर ॲटॅकचा (हल्ल्याच्या पद्धतींच्या जाहीर यादीचा) क्रमांक असतो, त्यामुळे व्हाइट टीमला गुण देताना वाद होत नाहीत. गुणांची वाटणी अशी बरी पडते : १०० पैकी सेवा चालू ठेवल्याबद्दल ४०, हल्ला ओळखल्याबद्दल २५, अहवालाला २५, बाहेरच्या लोकांना दिलेल्या निवेदनाला १०. सेवा मोजायला अपटाइम कुमा लावा. ४० गुण सेवेला ठेवले नाहीत तर पोरं पहिल्या अलर्टला सगळी केबल काढून टाकतात. खऱ्या पाणीयोजनेत किंवा बँकेत ते चालत नाही.

दोन कॉलेजांची मिळून एक टीम करता येते. जर्मनी आणि सिंगापूर हजारो किलोमीटर लांब बसून एका टीममध्ये खेळले, तसं शहादा आणि जळगाव वायरगार्डच्या व्हीपीएनवरून एकत्र बसू शकतात. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. अलर्ट ‘एस्कलेट’ केला की ‘केसेस’मध्ये त्याची फाइल तयार होते, तिथे कोणी काय केलं ते नावानिशी राहतं. दोन गावांतल्या मुलांना फोनवर ओरडण्याऐवजी केसमध्ये लिहायची सवय लावणं हे कठीण, पण गुण तिथेच ठरतात.

अहवालात वेळेचा घोळ हमखास होतो. सिक्युरिटी ओनियनचं मशीन यूटीसीवर चालतं, वेबपान मात्र ब्राउझरच्या मशीनची वेळ दाखवतं. पडद्यावर दुपारी २ वाजून १० मिनिटांनी दिसलेला हल्ला आतल्या लॉगमध्ये ०८:४० ला असतो. एकाने पडद्यावरून वेळ लिहिली, दुसऱ्याने कमांड लाइनवरून, की क्रम उलटा लागतो आणि हल्ला होण्याआधीच बचाव झालेला दिसतो. सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळलेली हवीत. सरावात हाच नियम लावा : प्रत्येक वेळेपुढे ‘भाप्रवे’ (भारतीय प्रमाणवेळ) लिहायचं आणि ६ तासांचं घड्याळ फळ्यावर चालू ठेवायचं. शिवाय पहिला अहवाल मराठीत मागा. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा नगरपालिकेत तो वाचणारा माणूस तांत्रिक नसणार. ‘पंप क्रमांक २ ची आज्ञा बाहेरून बदलली गेली, पंप हाताने चालू केला, पाणीपुरवठा १२ मिनिटं खंडित होता’ इतकं स्वच्छ लिहिता आलं पाहिजे.

आता उणिवा. एनक्रिप्टेड ट्रॅफिकच्या आत हे बघू शकत नाही. टीएलएसमध्ये (वेबवरच्या नेहमीच्या एनक्रिप्शनमध्ये) समोरच्याचं नाव आणि जोडणीची ठेवण एवढंच हाती लागतं. म्हणून एजंटशिवाय नुसत्या नेटवर्कवर विसंबणं चूक आहे. पॅकेट साठवणं डिस्क खातं : सतत ५० एमबीपीएस ट्रॅफिक असेल तर दिवसाला ५४० जीबी होतात. बॅकअप आणि सीसीटीव्हीचं ट्रॅफिक बीपीएफने (पॅकेट गाळणाऱ्या अटीने) वगळा, नाहीतर जुनी पॅकेट आपोआप पुसली जातात आणि तपासाच्या वेळी नेमकी हवी ती नसतात. १८० दिवसांचे लॉग एका छोट्या मशीनवर मावतील अशी आशाही धरू नका.

वीज हा आपल्याकडचा खरा शत्रू. अचानक वीज गेली की इलॅस्टिकसर्चच्या फाइली बिघडू शकतात आणि सकाळी सगळं लाल दिसतं. नुसता इन्व्हर्टर पुरत नाही, कारण बदलताना काही मशीन रीस्टार्ट होतात. ऑनलाइन यूपीएस लावा आणि रोज संध्याकाळी व्हीएम रीतसर बंद करा. एप्रिल-मेमध्ये भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद खोलीतला सर्व्हर एसीशिवाय चालवणं म्हणजे एसएसडीचं आयुष्य कमी करणं. सराव डिसेंबर-जानेवारीत घ्या.

परवान्याबद्दलही स्पष्ट असावं. २.४ इलॅस्टिक लायसन्स २.० खाली येतं. स्वतःच्या संस्थेत वापरायला अडचण नाही, पण ते सेवा म्हणून दुसऱ्यांना होस्ट करून देता येत नाही. काही सोयी पैसे भरून ‘प्रो’मध्येच मिळतात. सरावाला त्यांची गरज पडत नाही. कागदपत्रं इंग्रजीत आहेत, पण व्यवस्थित आहेत, आणि ‘सिक्युरिटी ओनियन इसेन्शियल्स’ हा त्यांचा मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम पहिल्या आठवड्यातच मुलांकडून बघून घ्यावा.

ज्यांच्याकडे सर्व्हर नाही त्यांनी ‘इम्पोर्ट’ पद्धत घ्यावी. ४ जीबी रॅम आणि २ कोअरचं व्हीएम पुरतं, १६ जीबीच्या लॅपटॉपवर आरामात चालतं. मालवेअर-ट्रॅफिक-ॲनॅलिसिस या संकेतस्थळावर खऱ्या संसर्गाची पॅकेट फुकट मिळतात. ती ‘सो-इम्पोर्ट-पीकॅप’ने आत घ्या आणि कोणतं मशीन कधी बाधित झालं ते शोधा. त्या झिपमधल्या फाइली विंडोजवर उघडू नका, काहींत खरा मालवेअर असतो.

कुणी घ्यावं? इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांनी बिनदिक्कत. सहकारी बँका, दूध संघ, पाणीपुरवठा विभाग यांनी आधी सरावासाठी घ्यावं, आणि रोज अर्धा दिवस अलर्ट बघणारा एक माणूस नेमता येत असेल तरच चालू नेटवर्कवर लावावं. माणूस नसेल तर लावू नका. कुणी न बघितलेले अलर्ट नंतर चौकशीत तुमच्याच विरुद्ध कागद होतात. आणि रेड टीमची मशीनं कॉलेजच्या चालू नेटवर्कला कधीही जोडू नका. परवानगीशिवाय केलेला प्रवेश आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतो, विद्यार्थी असला तरी. सरावाचा ब्रिज बाहेरच्या कोणत्याही कार्डाला न जोडता ठेवा आणि सिक्युरिटी ओनियन ‘एअरगॅप’ (इंटरनेटशिवायच्या) पद्धतीने बसवा. तेव्हा नियम आयएसओमधूनच येतात, आणि नवे नियम हवे असतील तर नवी आयएसओ उतरवून पेनड्राइव्हवरून ‘सूप’ ही अपडेटची आज्ञा चालवावी लागते. हे सत्राच्या सुरुवातीला एकदा केलं की पुरे.